पाड्यावरची माहिती पाड्यावर कशी फिरते? साप, रानभाज्या आणि तणनाशक

रानवाट | १४ जून, रात्री ९.२०

मी जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात आरोग्यसेविका आहे. पाऊस लागला की आमच्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, रानभाज्या आणि सर्पदंश. दोन्हींबद्दल पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती आहे, आणि दोन्हींबद्दल उपकेंद्राच्या भिंतीवरही काही ना काही रंगवलेलं असतं. भिंतीवरचं कोणी वाचत नाही आणि चुलीजवळचं कोणी लिहून घेत नाही. या दोन्हींची गाठ घालून देणं हे खरं आमचं काम, पण प्रशिक्षणात त्यावर बोलणंच होत नाही. म्हणून हा धागा. वारली, कातकरी, महादेव कोळी, कोकणा, ठाकर, तिकडे गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये काम केलेली किंवा तिथलीच असलेली मंडळी इथे आहेत. तुमच्याकडे आरोग्याची, रानाची, पाण्याची माहिती एका घरातून दुसऱ्या घरात कशी जाते ते लिहा.

आधी सापाचं. मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. दात बारीक, त्यामुळे दुखत नाही आणि सूजही येत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणत उठतो, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी बाधलं. साप चावलाय हेच माहीत नसेल तर दवाखान्यात कोण नेणार? भगताकडे, म्हणजे मंत्र-झाडपाला करणाऱ्याकडे नेतात. त्यावरून भगताला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. पण रात्री दोन वाजता हाक मारली तर दार उघडणारा माणूस पाड्यावर तोच असतो, हे विसरून चालत नाही.

आमच्या एका पाड्यावर आम्ही भित्तिपत्रक गुंडाळून ठेवलं आणि तिथल्या भगतबाबांनाच खळ्यावर बोलायची विनंती केली. त्याआधी बरेच दिवस त्यांच्या ओटीवर बसणं-उठणं चाललं होतं. कोणता साप कुठे सापडतो, कधी फिरतो, कोणता अंगावर येतो आणि कोणता निघून जातो, हे त्यांनी असं सांगितलं की मला मध्ये बोलायची गरजच पडली नाही. मग मी विचारलं, बाबा, मण्यार चावलेलं माणूस तुमच्या हातून उठतं का? ते म्हणाले, ‘पापनी पडली का मंग माझे हातात काय नाय.’ हे ते सगळ्यांसमोर बोलले. तिथेच ठरलं: भगताला बोलवायचं, पण १०८ ला फोन त्याच वेळी लावायचा. गाडीला उशीर असेल तर पाड्यावरची जीप काढायची. भगतबाबा रुग्णाबरोबर गाडीत बसणार आणि मंत्र गाडीतच म्हणणार. चावल्या जागेच्या वर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हाताला किंवा पायाला काठीचा आधार देऊन तो हलू द्यायचा नाही, आणि रुग्णाला चालवायचं नाही. हे सगळं मी सांगितलं असतं तर ‘ताई दरवर्षी सांगतात’ म्हणून सोडून दिलं असतं. बाबांनी सांगितलं म्हणून ते टिकलं.

आता रानभाज्या. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळं येतात. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी: सुरणाच्या कुळातला जांभळट कोंब. नीट केला नाही तर घसा असा खवखवतो की पाणी गिळवत नाही, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आजीला स्फटिक ठाऊक नाहीत, पण तिच्याजवळ बसून बघा. ती हाताला तेल लावते, वरचं आवरण सोलते, आतल्या दांड्याचा खालचा पिवळसर दाणेदार भाग खुडून टाकते, उरलेलं बारीक चिरते आणि काकडाची फळं ठेचून त्यांचा आंबट रस घालून शिजवते. काकडं नसली तर चिंच. कडू कंदाचंही तसंच. चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळायच्या, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. कंदातलं विष काढायची ही रीत कुणीतरी जिवावर उदार होऊन शोधली असणार. आजीची नात आता आश्रमशाळेत असते. रान सुरू होतं तेव्हाच शाळाही सुरू होते.

तिसरी गोष्ट नवी आहे आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून बांधावर तणनाशक मारायला लागलेत. कुर्डू, टाकळा, माठ याच बांधावर उगवतात. मालकाला जे तण, ते शेजारणीच्या घरचं रात्रीचं कालवण. ग्लायफोसेट मारलेली भाजी पुढचे काही दिवस हिरवीगार दिसते, बघून काहीच कळत नाही. इथे आजीचं ज्ञान कामाला येत नाही, कारण तिच्या उमेदीच्या काळात ही बाटलीच नव्हती. महिलांच्या बैठकीत एका बाईनेच तोड काढली. ज्याने फवारलं त्याने बांधाच्या दोन्ही टोकांना काठी रोवून लाल चिंधी बांधायची, आणि तो हंगामभर तिथली भाजी कोणी खुडायची नाही. मुलांनाही चिंधी कळते. मी फक्त एवढंच सांगितलं की औषधाची रिकामी बाटली ओढ्यात धुवायची नाही आणि तेल-पाण्याला तर अजिबात वापरायची नाही.

माझं मत असं झालंय की आपण आधी ऐकलं तरच आपलं ऐकलं जातं. तुमचा अनुभव काय?

सायली_के | १४ जून, रात्री १०.०५

अप्रतिम धागा. शेवळं आमच्याकडे वसईलाही होतात, आई त्यात कोलंबी घालते. पण पिवळा भाग का काढतात ते आज कळलं. तणनाशकाचं वाचून धस्स झालं, आम्ही बाजारातून कुर्डू आणतोच.

जुना_ठाणेकर | १५ जून, सकाळी ७.४०

जव्हार म्हटलं की आमच्या पिढीला वावर-वांगणी आठवतं. १९९२-९३ चे कुपोषणाचे ते बालमृत्यू. त्यानंतर १९९५ साली नवसंजीवनी योजना आली, त्यात भरारी पथकं, दाई बैठका असं बरंच काही होतं. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा वाटलं होतं, आता मुख्यालय जवळ आलं, चित्र पालटेल. दाई बैठका अजून होतात का? आणि सुईणींना तिथे कोणी काही विचारतं का?

रानवाट | १५ जून, दुपारी १.१५

@जुना_ठाणेकर, बैठका होतात. सुईणींना स्वच्छतेचं सांगितलं जातं, बाळंतीण दवाखान्यात आणा म्हणून सांगितलं जातं, आणि ते दोन्ही बरोबरच आहे. विचारलं मात्र क्वचितच जातं. कोणत्या घरात सासू अडवणार, कोणती मुलगी दिवस लपवते आहे, कोण दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणार आणि बाळंतपण तिथेच होणार, हे सगळं सुईणीला महिनोन्‌महिने आधी ठाऊक असतं. मी त्या बैठकीत पहिला अर्धा वेळ तिलाच बोलू देते. माझ्या नोंदवहीतली जोखमीच्या मातांची यादी तिथेच खरी होते.

गाविलगड | १५ जून, रात्री ८.५०

मेळघाटातून लिहितोय. आमच्याकडे भगताच्या जागी भूमका. आरोग्य खात्याने इथेही भूमकांना बैठकीला बोलावून, रुग्ण दवाखान्यात आणल्याबद्दल मानधन देण्याचा मार्ग काढला होता. कल्पना चांगली आहे. पण तुमच्या ‘आधी ऐका’शी मी पूर्ण सहमत नाही. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात तेव्हा काय ऐकून घ्यायचं? तिथे थांबवायलाच लागतं, आणि तेही लगेच. रीत जुनी आहे एवढ्यानेच ती शहाणी ठरत नाही.

फक्त थांबवायचं कुणाला हे आम्हाला उशिरा उमगलं. सगळं समुपदेशन आईचं चालायचं आणि निर्णय आजीचा असायचा. आता गरोदर बाईच्या घरी गेलो की आधी आजीशेजारी बसायचं. तिची किती लेकरं जगली, किती गेली, हे ती सांगते. त्यानंतर बाळाचं पोट का फुगतं हे सांगितलं तर तिला ते पटतं. घरात चटके द्यायला पहिला नकार आजीनेच दिला, असं माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

स्टेथोस्कोप | १५ जून, रात्री ११.३०

कोकणातल्या तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात आहे. रानवाट यांनी मण्यारबद्दल लिहिलंय ते तंतोतंत आहे. थोडी भर घालतो.

आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही, त्या नादात दुसऱ्यालाही दंश होतो. घोणस-फुरश्याच्या विषाने रक्त गोठत नाही. ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलं आहे. ही चाचणी मी नातेवाइकांच्या समोर करतो आणि नळी त्यांनाच बघायला देतो. एकदा डोळ्यांनी पाहिलेलं माणूस गावात जाऊन चार जणांना सांगतं.

विंचवाचंही असंच. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला. ते काम ग्रामीण रुग्णालयात, रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून झालं आहे. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, नाडी कशी चालते, हे सगळं त्यांनी रुग्णाजवळ बसूनच टिपलं. आज विंचू चावला की गोळी वेळेत मिळते आणि माणूस घरी जातो.

एक कळकळीची विनंती. अळंबी आणि कंद यांची ओळख कुणीही फोटो बघून करू नये. आजी बरोबर असेल तरच.

वैनगंगा | १६ जून, दुपारी ३.१०

गडचिरोलीत बरीच वर्षं गेली, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

‘ऐकणं’ म्हणजे काय, याचं आमच्याकडचं सगळ्यांत जवळचं उदाहरण शोधग्रामचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केल्यावर आदिवासींनी सांगितलं की दवाखान्याची भीती वाटते. मोठी इमारत, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, तिथे आपला देव नाही. मग दवाखाना गोंड घरांच्या धर्तीवर झोपड्या-झोपड्यांचा बांधला गेला आणि नाव ठेवलं मा दंतेश्वरी दवाखाना. दुसरं उदाहरण अभ्यासाचं. राणीताईंनी १९८९ साली दोन गावांतल्या स्त्रियांच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा त्रास होता. जगभर तो गाजला. माझ्या लेखी महत्त्वाचं म्हणजे ते निष्कर्ष परत गावागावांत नेऊन बायकांना सांगितले गेले. आपल्या अंगाची माहिती आपल्यालाच कुणीतरी परत आणून दिली, हे त्या बायांसाठी नवीन होतं. कितीतरी संशोधक येतात, रक्त नेतात, प्रश्नावली भरून नेतात, आणि पुन्हा कधी फिरकत नाहीत.

तिसरं, मला सर्वांत आवडणारं. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त असतील तर धोका. पण पुष्कळ सुईणींना इतके आकडे मोजता येत नव्हते. म्हणून एक साधं उपकरण केलं, मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवरचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेली बाई त्यावर अचूक निदान करायची. पुढे गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं की ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. आज देशभरातल्या आशाताई बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, त्याचं मूळ इथे आहे.

रानाबद्दल बोलायचं तर आमच्याकडचं मेंढा-लेखा हे गाव. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरचा. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे अभ्यासगट चालतो. एक विषय घ्यायचा, बाहेरचा जाणकार बोलवायचा, गावातल्या जाणत्यांनी आपलं सांगायचं, वाद घालायचा. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि सर्वांच्या संमतीने. मधाचंच घ्या. पूर्वी मशालीने पोळं जाळून मध काढायचे, हजारो माश्या मरायच्या. अभ्यासगटात त्यावर खल झाला. मग अंग झाकणारा पोशाख घालून, पोळ्याचा मधाचा तेवढाच भाग कापून बाकीचं तसंच ठेवायची पद्धत आली. जुन्या जाणत्याला झाडावर चढायचं कसब होतं, नव्या माणसाला माशीचा अभ्यास होता. दोन्ही एकाच बैठकीत बसले म्हणून हे जमलं.

निखिल_वारजे | १६ जून, रात्री ९.००

वाचून भारावून गेलो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, काहीतरी उपयोगी करायची फार इच्छा आहे. औषधी वनस्पतींचं एक मुक्त ॲप केलं तर? भगत, वैदू, भूमका यांच्याकडून मुळ्या-पाल्यांची माहिती, फोटो, जागेसकट नोंदवायची. सगळ्यांना विनामूल्य. माझे दोन मित्रही वेळ द्यायला तयार आहेत.

वैनगंगा | १६ जून, रात्री १०.४५

निखिल, तुमची तळमळ खरी आहे म्हणून सविस्तर लिहिते. जागेसकट नोंद तर अजिबात नको. ज्या मुळीला बाजारात भाव आहे तिचा पत्ता जगाला दिला की एका हंगामात डोंगर खणून निघतो.

दुसरं, ही माहिती कोणाची? केरळातल्या काणी आदिवासींचं उदाहरण बघा. १९८७ साली अगस्त्यमलैच्या डोंगरात संशोधकांबरोबर वाटाडे म्हणून गेलेले काणी एक फळ खायचे आणि थकायचे नाहीत. आढेवेढे घेत त्यांनी ती वनस्पती दाखवली, आरोग्यपच्चा. तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचं औषध झालं, १९९५ मध्ये परवाना विकला गेला, आणि त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं. त्यासाठी १९९७ मध्ये न्यासही झाला. जगात हे उदाहरण चांगलं म्हणून सांगतात, आणि बऱ्याच अंशी ते आहेही. पण सगळ्या काणींना विचारलं नव्हतं. त्यांच्यातल्या काही वैद्यांचा विरोधच होता. निम्मा वाटा देऊनही हा प्रश्न उरतो, तर ‘विनामूल्य सगळ्यांना’ म्हणताना तो किती मोठा होईल याचा विचार करा.

अरविंद_नाशिक | १७ जून, सकाळी ८.२५

मला हे पटत नाही. निवृत्त वनस्पतिशास्त्राचा शिक्षक आहे, पेठ-सुरगाण्यात पुष्कळ भटकलो आहे. जे जाणते मला भेटले त्यांतले बहुतेक आता नाहीत आणि त्यांच्या मुलांना यातलं काही येत नाही. लिहून ठेवलं नाही तर ज्ञान त्यांच्याबरोबर जातं. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते आपल्याकडे लेखी पुरावे होते म्हणूनच. तोंडी ज्ञानाला परदेशातल्या पेटंट कार्यालयात कोण विचारतो? जपून ठेवण्याच्या नावाखाली आपण ते नाहीसं होऊ देतो आहोत.

वैनगंगा | १७ जून, सकाळी ११.५०

सर, लिहायला विरोध नाहीच. वही कोणाच्या कपाटात राहणार एवढाच प्रश्न आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. गावाने लिहायचं, गावाने ठेवायचं, कुणाला काय दाखवायचं ते गावाने ठरवायचं. पुढे हरित न्यायाधिकरणाने २०२० ची मुदत घातली आणि घाईघाईत कितीतरी ठिकाणी बाहेरच्या माणसांनी वह्या भरल्या. म्हणून कायदा कुचकामी ठरत नाही, वही पुन्हा उघडता येते. आणि हळदीनंतर जी पारंपरिक ज्ञानाची डिजिटल नोंद केंद्र सरकारने केली, तीही सरसकट सगळ्यांना खुली ठेवली नाही. पेटंट तपासणाऱ्या कार्यालयांसाठी ती केली आहे. नोंद झाली आणि राखलीही गेली.

रानवाट | १७ जून, रात्री ९.३५

अरविंद सरांची कळकळ मला समजते. मी स्वतःपुरती एक रेघ आखली आहे. जे न कळल्याने जीव जाऊ शकतो ते सगळ्यांना, मोकळेपणाने सांगायचं: मण्यारची लक्षणं, कंद कसा धुवायचा, फवारलेला बांध, जुलाब लागल्यावर मीठ-साखरेचं पाणी. कोणती मुळी कशावर, हे मला कुणी विश्वासाने सांगितलं तरी ते माझ्याजवळच राहतं. ते लिहायचं की नाही हे पाड्याने ठरवावं.

अन्नाचं ज्ञानही थोडं सांभाळून सांगावं लागतं, हे अलीकडे जाणवतंय. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास सरकारी रानभाजी महोत्सव होतात. बायकांना चार पैसे मिळतात, शहरातल्या लोकांना भाज्या कळतात, मला त्याचा आनंद आहे. पण मागणी वाढली की करटुल्याचा वेल कंदासकट उपटला जातो, आणि बी पडायच्या आत सगळं खुडलं जातं. खुडायचं कसं, हेही त्याच स्टॉलवर त्या बायकांनीच सांगितलं तर? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे हेच करत आल्या आहेत. घरातच बियाण्यांची बँक, घेवड्यापासून भातापर्यंतचं गावरान बी, आणि समोर येईल त्या प्रत्येकाला ते कसं राखायचं याचा धडा. २०२० साली पद्मश्री मिळाली तरी सांगायची पद्धत तीच, हातात बी घेऊन.

तापीकाठ | १८ जून, दुपारी १२.१०

नंदुरबारहून. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. आमच्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये हा मोठा प्रश्न आहे. २०२३ मध्ये केंद्राची मोहीम आल्यापासून तपासण्या वाढल्या. तपासणी होते, कार्ड मिळतं, पण ते समजावून सांगायला कोणी थांबत नाही. मग घरात एकच अर्थ लावला जातो, ‘पोरीच्या रक्तात खोट आहे’. लग्नं मोडतात, आणि जवळजवळ नेहमी मुलीचंच मोडतं.

वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहकाचं लग्न ना वाहक ना रुग्ण अशा माणसाशी झालं तर मुलांना आजार होत नाही, फार तर ती वाहक होतात. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात आजाराची चारात एक शक्यता. हे मी ज्वारीच्या दाण्यांनी सांगतो. दोन काळे दाणे, दोन पांढरे, आईच्या हातात एक काळा-एक पांढरा, बापाच्या हातातही तसेच, आणि प्रत्येकाने डोळे मिटून एकेक दाणा पुढे करायचा. दोन्ही काळे आले तर आजार. पोरं पुन्हा पुन्हा खेळून बघतात. ‘दर वेळी नव्याने शक्यता’ ही गोष्ट कितीही बोलून कळत नाही, ती या खेळात कळते. आणि आता आमच्याकडच्या एका आश्रमशाळेतली मुलं सुट्टीत घरी जाऊन हाच खेळ आईबापाला शिकवतात.

कणसरी | १८ जून, रात्री १०.२०

मी वारली आहे, विक्रमगड तालुक्यातली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. सगळा धागा वाचला. आमच्याबद्दल इतक्या आपुलकीने लिहिलंय याचं बरं वाटलं. काही गोष्टी मला आतून दिसतात त्या सांगते.

भगत सगळे सारखे नसतात. रानवाट ताईंना भेटले तसे आहेत, आणि कोंबडा-दारू घेऊन तीन दिवस घरात ठेवून घेणारेही आहेत. माझ्या घरात त्याची किंमत मोजली आहे, जास्त लिहीत नाही. तेव्हा भगताला सोबत घ्या, पण त्याच्यावरच सोडू नका.

दुसरं वीटभट्टीचं. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी, वसई, पार ठाण्याच्या पलीकडे जातो. जातो तेव्हा आजी मागे राहते. पाच-सहा महिने लेकराला ना आजी, ना अंगणवाडी, ना तुमची नोंदवही. गरोदर बायांसाठीचा सरकारी अमृत आहाराचा डबा पाड्यावर शिजतो आणि पोटुशी बाई भट्टीवर असते. शेवळं, कंद, साप हे पावसाळ्यातलं ज्ञान आमच्यात अजून आहे, कारण पावसाळ्यात सगळे परत येतात. भट्टीवर काय करायचं हे कुठल्याच आजीला माहीत नाही. धूर, राख, टँकरचं पाणी, दिवस भरलेली बाई आणि जवळ ओळखीचं कोणी नाही. ते ज्ञान आता आम्ही पोरींनीच तयार करायला पाहिजे.

तिसरं, माझ्या आईला चाळीसेक भाज्या ओळखता येतात. तिला आजपर्यंत कोणी काही विचारलेलं नाही. लोक येतात ते भगताचं नाव विचारत. बायकांचं ज्ञान रोजचं असतं म्हणून ते कोणाला ज्ञान वाटत नाही.

निखिल दादा, ॲप नको. पण काही करायचं असेल तर आवाजाचं करा. आमच्या पाड्यावर रेंज नाही, पण प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि पोरं गाणी एकमेकांना ब्लूटूथने देतात.

वैनगंगा | १९ जून, सकाळी ९.००

कणसरी, तुझा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यांत मोलाचा. आवाजाचं म्हणतेस ते आमच्या शेजारी, छत्तीसगडात झालेलं आहे. शुभ्रांशु चौधरींनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, गोंडीत किंवा हिंदीत आपली बातमी नोंदवायची, दुसऱ्याने फोन लावून ऐकायची. पुढे त्यांनी ब्लूटूथने पसरणारा ‘बुल्टू रेडिओ’ही केला. वाचता न येणाऱ्या माणसाला बोलायला अडचण नाही, हे त्यांनी पकडलं.

निखिल_वारजे | १९ जून, रात्री ८.१५

वैनगंगा, कणसरी, मनापासून आभार. ॲपचा विचार सोडला. लहान ध्वनिफिती नीट कापणं, आवाज स्वच्छ करणं, मेमरी कार्डवर घालून देणं हे आम्ही तिघे सहज करू शकतो. कुठेही अपलोड करणार नाही. फक्त काय नोंदवायचं ते तुम्ही सांगा.

रानवाट | १९ जून, रात्री ९.५०

निखिल, तर मग असं करू. पहिली फीत मण्यारची, भगतबाबांच्या आवाजात. ते तयार आहेत, मी आजच विचारून आले. दुसरी फवारलेल्या बांधाची, चिंधीची तोड काढणाऱ्या बाईंच्या तोंडून. तिसरी कणसरीने सुचवलेली, भट्टीवर जाणाऱ्या पोटुशा बाईसाठी: बरोबर कोणते कागद न्यायचे, तिथे आशा कशी शोधायची, कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही. ही वारलीत, कणसरी आणि तिच्या आईने मिळून बोलायची, आणि दिवाळीच्या आधी घरोघरी पोचलीच पाहिजे. प्रत्येक फीत तीन-चार मिनिटांपेक्षा मोठी नको.

स्टेथोस्कोप, औषधोपचाराचा भाग तुम्ही एकदा ऐकून तपासून द्याल का? आणि बाहेर काहीही जाण्याआधी पाड्याच्या बैठकीत ते सगळ्यांना ऐकवू. कुणाला काही काढायचं असेल तर तिथेच काढू.

स्टेथोस्कोप | १९ जून, रात्री ११.०५

नक्की. पाठवा. मण्यारच्या फितीत ‘पापणी पडायची वाट बघू नका’ हे सुरुवातीलाच येऊ द्या. आणि खाटेवर, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून झोपायला सांगा. साप आणि हिवताप दोन्ही टळतात.

कणसरी | २० जून, सकाळी ६.३०

आई हो म्हणाली. सध्या भाताच्या पेरणीचे दिवस आहेत, तिला वेळ नाही. आवणी, म्हणजे भाताची लावणी उरकली की मी सुट्टी घेऊन घरी जाईन, तेव्हा नोंदवू. एक अट आहे तिची, फीत आधी तिच्या सासूला ऐकवायची.